पारदर्शक पेटी आणि खरखरीत फडकं

खूप वर्षांपूर्वी एका दवाखान्यात अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकची, पारदर्शक पेटी होती. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं तिच्या उबेत वाढत. त्या वेळी आत यमुनाची इवलीशी लेक होती. तिला उचलून घेता येत नव्हतं, म्हणून यमुना बाहेर बसून नुसती न्याहाळायची.

रोज सिस्टरच्या हातातलं एक खरखरीत फडकं पेटीला बाहेरून कोरडंच घासायचं.

"फडक्या, हळू!" पेटी कळवळायची. "धुळीच्या कणांनी ओरखडे उठतात मला."

"दिसतेस काचेसारखी, मग काचेवर न उठणारे ओरखडे तुझ्यावर कसे उठतात?" फडकं हसायचं.

होता होता पेटी धूसर झाली. एके दिवशी यमुना रडवेली झाली. "सिस्टर, बाळाचा चेहराच नीट दिसत नाही हो!"

फडकं चपापलं. "पेटीताई, मला तर तुला चमकवायचं होतं," ते पुटपुटलं आणि सिस्टरच्या हातातून मुद्दाम निसटून खाली पडलं.

सिस्टरनं मग मऊ सुती कापड साबणाच्या पाण्यात भिजवून हलकेच धूळ उतरवली. बारीक ओरखड्यांवर पॉलिश लावलं. पेटी निवळली.

आत बाळानं जांभई दिली.

"अगं बाई," यमुना हरखली, "हिच्या गालाला खळी पडते!"

जमिनीवरून फडक्यानंही मान उंच करून पाहिलं.