पळीभर पाणी

"मेलेल्याला पाणी कशाला, आजी?"

पानिकपाक आजीने मान वर केली नाही. दगडी दिव्यातलं तेल तळाला गेलं होतं. त्या शेवटच्या तेलावर तिने थोडा बर्फ वितळवला होता. शिंगाच्या पळीत तेवढंच पाणी होतं. एक घोटभर.

समोर सील पडला होता. तिच्या नातवाने, तुलुगाकने, आज मारलेला, ओढत घरात आणलेला.

बाहेर गोठलेला समुद्र, आणि त्याच्यावरच ही बर्फाच्या घरांची वस्ती. घराघरातले दिवे विझत आले होते. पोरं कातड्यांत गुरफटून उपाशीच निजली होती.

"ते पाणी मला दे," तुलुगाक म्हणाला. त्याचे ओठ फुटले होते. "सकाळपासून बर्फातल्या त्या भोकापाशी उभा होतो. हललो नाही, खोकलो नाही. घशाला कोरड पडलीय."

"आधी पाहुणा."

"पाहुणा? मी मारलंय त्याला!"

"म्हणून काय झालं? दारात आलेल्याला आधी पाणी देतात. आईने शिकवलं नाही वाटतं?"

तुलुगाकने फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली.

"जन्मभर खाऱ्या पाण्यात राहतो बिचारा," आजी म्हणाली. "गोडं पाणी त्याला कोण देणार?"

भिंतीत एक भाला खोचलेला होता. वॉलरसच्या सुळ्याचं टोक असलेला. तुलुगाकची नजर तिकडे गेली.

"आजोबा गेले तेव्हा तू म्हणालीस, शिकारी झालास की त्यांचा भाला देईन. आज झालो ना? एवढं बर्फाचं रान, आणि त्यात तळहाताएवढं भोक. तिथून तो श्वास घ्यायला वर येतो. ते भोक मी हुडकलं. नेम माझा. ताकद माझी."

"हं… डोकं धर त्याचं."

"मी?"

"माझे हात थरथरतात. सांडलं तर तुलाच जमीन चाटावी लागेल."

तो नाइलाजाने गुडघ्यांवर बसला. डोकं जड होतं, ओलं होतं. अजून कोमट होतं.

सीलचा डोळा उघडा होता. मोठा, काळा. त्यात दिव्याची ज्योत दिसत होती. ज्योतीशेजारी एक चेहरा होता, नखाएवढा.

तुलुगाकने तो ओळखला.

तेवढ्यात खालून बर्फ कण्हला. लांबवर कुठेतरी आवाज सुरू झाला, घराखालून सरकत गेला, आणि दुसऱ्या बाजूला दूर जाऊन विरला. जणू घराखाली कुणीतरी कूस बदलली.

दोघंही हलली नाहीत.

आजीने पळी सीलच्या तोंडात रिकामी केली. सगळी.

आणि दिवा विझला.

"झालं!" तुलुगाक पुटपुटला. "पाणीही गेलं, दिवाही गेला."

भिंतीतल्या बर्फाच्या खिडकीतून लालसर उजेड येत होता. हिवाळाभरच्या काळोखानंतर या दिवसांत सूर्य नुकताच क्षितिजावर डोकावू लागला होता. त्या उजेडात आजीने सीलची चरबी कापली. ती कुटून दिव्यात घातली. शेवाळाची वात नीट लावली, गारगोटी घासली.

ज्योत उठली. वातीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली. भिंती सोन्यासारख्या उजळल्या.

वर टांगलेल्या भांड्यात बर्फ वितळू लागला. थेंब… मग थेंब…

आजीने पळी भरून पुढे केली.

"आता पी."

तो अधाशासारखा प्यायला. अर्ध्यावर थांबला. पळीकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं. मग सीलकडे.

"आजी… हे पाणी तर त्याच्याच चरबीवर…"

आजीने दिव्याची वात सारखी केली.

त्याने उरलेलं पाणी हळूच सीलच्या तोंडात ओतलं. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

भाल्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. आजीच उठली. भिंतीतून भाला काढून तिने त्याच्या मांडीवर ठेवला.

"भोक तळहाताएवढं होतं म्हणालास ना?"

"हो, आजी."

"आणि खाली समुद्र केवढा होता रे? मग तो तुझ्याच भोकाशी का आला?"