उघडेनासे झालेले धडे

जंगलातल्या शाळेत संगणक नुकतेच आले होते, तेव्हाची ही गोष्ट. शिक्षकांनी धडे कशात लिहायचे आणि मुलांना कशात दाखवायचे, हे ठरवायला माकड मुख्याध्यापकांनी बैठक घेतली. त्यांना चित्रं नाचवणारं नवं सॉफ्टवेअर आवडलं होतं.

थकलेल्या कासवगुरुजींनी विचारलं, "आत्तापर्यंत साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले आपले धडे यात उघडतील का?"

"नवे लिहा की!"

"आता नाही होत, साहेब. मी आपला साध्यावरच राहतो."

खारबाईंनी मात्र हौसेनं सगळे धडे नव्यात लिहिले. पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी आणखी नवं सॉफ्टवेअर आणलं. त्यात बाईंचा एकही धडा उघडेना. त्या रडतच गुरुजींकडे आल्या.

गुरुजींनी सुस्कारा सोडला. घरी निघालेले ते पुन्हा संगणकापुढे बसले.

"सांगा बाई, पहिला धडा कोणता होता? मी लिहून घेतो."