चौघांची सतरंजी

सतरंजी महाराज कवठेदऱ्याला आले तेव्हा अंगावर एक पंचा, काखेत गुंडाळलेली सतरंजी आणि तोंडभर हसू, एवढाच त्यांचा संसार. ओढ्याकाठच्या उंबराखाली त्यांनी सतरंजी अंथरली आणि बसले. बसले ते तिथलेच झाले!

आता मंडळी, ती सतरंजी काही दरबारी नव्हती. रंग विटलेला, एक कोपरा उंदरानं कुरतडलेला, आणि चौघं बसले की पाचव्याचं निम्मं बूड जमिनीवर. पण महाराजांचा एकच घोष. कुणीही आलं की म्हणायचे, "या, बसा. अरे, सरका जरा!"

लोक म्हणायचे, "महाराज, आम्हाला एखादा मंत्र द्या."

महाराज म्हणायचे, "दिला की. सरका जरा."

ओढ्यापलीकडे टोपल्या विणणाऱ्यांची वस्ती होती. तिथली सारजा रोज तिन्हीसांजेला दर्शनाला यायची. पण बसायची कुठं? सतरंजी सोडून, लांब मातीत. महाराज म्हणायचे, "सारजे, वर ये." ती म्हणायची, "हितंच बरं हाय, म्हाराज. उगं कुनाला सरकवायचं?" तिनं जन्मात कुणाला सरका म्हटलं नव्हतं. बाजारात नाही, एसटीत नाही, लग्नाच्या पंगतीत तर नाहीच नाही.

या सारजाच्या काळजात एक काटा होता. गेल्या श्रावणात ओढा फुगला, आणि नेमकी तेव्हाच तिची सून शेवंता अडली. सुईण अलीकडच्या काठावर, बाळंतीण पलीकडे. सुईण गळा फाटेस्तोवर ओरडून सांगत होती, असं करा, तसं करा. पाण्याच्या आवाजात एक अक्षर पलीकडे गेलं नाही. शेवंता वाचली. बाळ गेलं. यंदा तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि पुन्हा श्रावणातच मोकळी व्हायची होती.

त्याच वर्षी ओढ्यावर साकव मंजूर झाला. साकव म्हणजे लहानसा पूल. तो कुठं बांधायचा, ते ग्रामसभेनं ठरवायचं होतं. पण ग्रामसभा म्हणजे काय, तर सरपंच दौलतराव आणि त्यांचे आठ-दहा बगलबच्चे पंचायतीच्या खोलीत खुर्च्यांवर बसणार, चहा पिणार, हात वर करणार. उरलेल्या गावाला दुसऱ्या दिवशी पारावर कळायचं की आपण सर्वांनी मिळून काय ठरवलं! साकव बांधायचा तो वस्तीपासून लांब खाली, दौलतरावांच्या वीटभट्टीच्या तोंडावर, हे तर चहा उकळायच्या आधीच ठरलेलं होतं.

सारजा धीर करून त्यांच्या दारात गेली. "सायेब, साकव वस्तीच्या वाटंवर व्हावा जी."

दौलतराव भरल्या ओसरीवर मिश्या पुसत म्हणाले, "मोठी टोपली ईण की सारजे! तिच्यात बस न् जा तरंगत पलीकडं!" ओसरी खदखदून हसली. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून पुढं म्हणाले, "न्हाईतर तुजा तो सतरंजीवाला हाय की! टाक म्हनावं सतरंजी पान्यावर. झाला पूल!"

सारजा रडत उंबराखाली आली. "म्हाराज, कायतरी चमत्कार करा. त्या पान्याला आडवा."

महाराज म्हणाले, "पाण्याला कशाला अडवायचं? ते बिचारं आपल्या वाटेनं चाललंय. अडून बसलीत ती माणसं. सभा कधी आहे?"

"सोमवारी. पन तिथं आमाला कोन इचारतंय?"

"तू मत देतेस ना?"

"देते की."

"मग सभा तुझीच. आपल्याच घरात शिरायला आमंत्रण लागतं होय गं?"

आणि काय सांगू मंडळी, त्या संध्याकाळपासून उंबराखालचं भजन बदललं! महाराजांनी तिथं खोटी ग्रामसभा भरवायला सुरुवात केली. पहिला धडा, हात वर करायचा. महाराज म्हणाले, "करा वर!" बायांचे हात गेले वर, आणि तिथनं वळून डोक्यावरचा पदर सारखा करून खाली आले. पुरुषांनी वरच्या वर कान खाजवून घेतले. महाराज हसून हसून बेजार. म्हणाले, "अरे, देवापुढं दोन-दोन हात वर करता, मी एकच मागतोय!"

दुसऱ्या दिवशी महाराज गंभीर चेहरा करून म्हणाले, "आजचा ठराव. सतरंजी महाराजांना गावानं रोज परातभर बासुंदी द्यावी. वर आटीव खवा. कुणाचा विरोध?"

सगळे चूप. महाराजांना नाही कोण म्हणणार?

"मंजूर! आता दुसरा ठराव. बासुंदीसोबत पुऱ्या. कुणाचा विरोध?"

चूप.

"मंजूर! तिसरा ठराव. महाराजांचे पाय चेपायला गावातले सगळे पुरुष रोज पहाटे हजर राहतील. त्यांनी येताना वेलदोडे आणावेत."

तेव्हा लांबून, मातीतून, बारीकसा आवाज आला. "न्हाई."

सगळ्यांनी माना वळवल्या. सारजा होती. पदर तोंडात धरलेला, पण बोलली. "म्हाराज, माफी करा. पन लेकरांना च्याला दूध न्हाई, तुमाला बासुंदी कुटनं आनायची? माजी न्हाई हाय."

महाराज टुणकन उडी मारून उठले! पंचा सुटता सुटता राहिला. "ही खरी भक्त! अरे, माझ्या बासुंदीला जी नाही म्हणू शकते, ती दौलतरावाच्या भट्टीला का म्हणणार नाही?" मग गाव असं हसलं की सगळ्यांची भीड चेपली. पुढं रोज ठराव पडायला लागले. एका संध्याकाळी तर महाराजांची दाढी कापावी असा ठराव बहुमतानं मंजूर झाला, आणि महाराज न्हाव्यापुढं मुकाट बसले!

सोमवार उजाडला. दौलतरावांनी खिडकीतून पाहिलं, तर गाव चालत येतंय. बायका, म्हातारे, वस्तीवरचे सगळे. त्यांनी दार अडवलं. "जागा न्हाई. भाईर थांबा. ठरलं की सांगतो."

ग्रामसेवक भाऊसाहेब भित्रा माणूस. तो चाचरत म्हणाला, "सरपंचसाहेब, मतदार आहेत. अडवता येत नाही."

"आडवतंय कोन? जागा दाखवा न् बसवा!" खोली आधीच चिमुकली, त्यात खुर्च्या, टेबल आणि एक मोठं कपाट.

महाराज पुढं झाले. "दौलतराव, खुर्च्यांपुढं माझी सतरंजी मावेल ना?"

दौलतरावांचे डोळे चमकले. म्हणाले, "मावंल की! आन ऐका म्हाराज, तुमच्यातला जो सतरंजीवर बसंल त्याचाच हात मोजू. सतरंजीभाईरचा न्हाई. हाय कबूल?" खुर्च्यांनी मांड्यांवर थापा मारल्या.

महाराज म्हणाले, "कबूल! तोंडात साखर पडो तुमच्या."

सतरंजी अंथरली. तेली आळीतल्या हौसाकाकू बसल्या. आमच्या हौसाकाकू म्हणजे एकट्याच दोघींएवढ्या! त्यांच्या शेजारी आणखी तिघं टेकले, आणि सतरंजी संपली.

"भरली!" दौलतराव ओरडले. "भाऊसायेब, दार लावा!"

सारजा उंबरठ्यावर होती. तिनं सतरंजीकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं, आणि माघारी वळली.

महाराज दाराशीच उभे होते. ना त्यांनी हात उचलला, ना डोळे मिटले. नुसतं विचारलं, "सारजे, कुठं निघालीस?"

"जागा न्हाई, म्हाराज."

"जागा नसली की काय म्हणायचं असतं?"

बाहेर शेवंता झाडाला टेकून उभी होती, हात पोटावर. सारजानं तिच्याकडे पाहिलं. मग वळली आणि सगळं पंचायत ऑफिस दणाणेल अशा आवाजात म्हणाली, "सरका जरा!"

हौसाकाकू टीचभर सरकल्या. सारजा बसली. आणि काय नवल! सतरंजीचा तो कुरतडलेला कोपरा रिकामाच! मागून सुईण आली. "सरका जरा." ती त्या कोपऱ्यावर बसली. कोपरा पुन्हा रिकामा! कुंभार आले, गुरव आले, वस्तीवरची म्हातारी काठी टेकत आली, तालमीतली पोरं आली. जो येईल तो म्हणे, "सरका जरा," आणि बसलेले म्हणत, "या, या!" गाव आत जात होतं आणि खोली ढेकर देत नव्हती! दौलतराव खुर्चीवरून उतरून रांगत रांगत सतरंजीची कड चाचपायला लागले. कड हातालाच लागेना.

सगळ्यांत शेवटी दारात उभ्या राहिल्या सगुणाबाई. खुद्द सरपंचीणबाई! गावानं त्यांना देवळाशिवाय कुठं पाहिलं नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "सरका जरा."

दौलतराव सरकले! घरात सरकत असतीलच म्हणा, पण चारचौघांत पहिल्यांदाच. सगुणाबाई सारजाशेजारी बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "गेल्या श्रावणात सुईण ओरडत होती, ते आपल्या माडीवर ऐकू येत होतं. तुम्ही मला खिडकी लावून घ्यायला सांगितलीत. मी लावली. तेव्हापासून मला झोप नाही."



सारजा उठली. "साकव वस्तीच्या वाटंवर व्हावा. सुईन हिकडं न् बाळंतीन तिकडं, आसं पुन्यांदा नगं. माजं येवडंच म्हननं हाय."

आणि हात वर गेले! एकही पदराकडे वळला नाही, एकानंही कान खाजवला नाही. भाऊसाहेब मोजता मोजता चुकले, पुन्हा मोजले, पुन्हा चुकले. महाराज म्हणाले, "भाऊसाहेब, विरोधही विचारा. नाही म्हणायची मोकळीक सगळ्यांना आहे."

"विरोध?"

खुर्च्यांवरून एकेक जण उतरून सतरंजीवर येऊन बसला. उरले एकटे दौलतराव. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला. डोळ्यांत पाणी. महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला ते पुढं झाले, पण गर्दी इतकी की माणसाला वाकताच येईना! नुसतेच हेलकावे खात उभे.

तेव्हा सारजाच म्हणाली, "आरं सरका जरा! सरपंचास्नी वाकायचंय!"

सगळं गाव सरकलं. महाराजांनी पाय मागे घेतले आणि खाली बोट दाखवलं. दौलतराव गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी सतरंजीवर कपाळ टेकलं. कुठं? त्या कुरतडलेल्या कोपऱ्यावर. तेवढा त्यांच्यासाठी रिकामा राहिला होता!

पावसाआधी साकव उभा राहिला, विटा दौलतरावांच्याच. श्रावणात ओढा फुगला तेव्हा सुईण पायाला पाण्याचा थेंब न लागता पलीकडे गेली, आणि तिची पिशवी धरून सरपंच मागून पळत होते. शेवंताला मुलगी झाली. अशी रडली, म्हणतात, की माडीच्या सगळ्या खिडक्या उघड्या राहिल्या.

काही शहाण्यांनी नंतर सतरंजी मोजून पाहिली. चौघं बसले, पाचव्याचं निम्मं बूड जमिनीवर. ते म्हणतात, चमत्कार कसला, सगळे थोडेथोडे सरकले इतकंच. बरं! त्यांनी आपल्या घरात एक सतरंजी टाकून सगळं गाव बसवून दाखवावं. चहा माझ्याकडून.

महाराजांची ही कथा जो भावानं ऐकेल त्याला सभेत पुढची जागा मिळेल. जो ऐकून घरीच लोळत पडेल, त्याला महाराजसुद्धा उठवायला येणार नाहीत. ते दाराशी उभे आहेत. म्हणायचं काय, ते तुम्हाला ठाऊक आहे!