पालखीखालचा फरारी

"गुणाजी भोई फरार आहे! कुठे लपवलास त्याला? बोल!"

नरहरपंत कारकून तट्टावरूनच ओरडला. नदीकाठच्या झोपडीसमोर ठकूबाई जाळं विणत बसली होती. तिने मान वर केली. समोर सुभेदार दाजीसाहेबांची पालखी, बाजूला भालेवाले शिपाई, अन् पालखीचा पुढचा दांडा खांद्यावर घेऊन, घामाने निथळत, मान खाली घालून उभा कोण? तर खुद्द गुणाजी! तिचाच नवरा!

ठकूबाईचा हात जाळ्यातच अडकला.

झालं होतं असं, की तिच्या शेळीने चावडीच्या भिंतीवर चिकटवलेला सरकारी जाहीरनामा खाल्ला. खळ ताजी होती, अन् शेळीला काही वाचता येत नव्हतं. पण गुन्हा तो गुन्हा! गुणाजीला सोमवारची तारीख पडली. त्या सोमवारी कचेरीच्या दारात चोपदाराने तीनदा पुकारा केला, "गुणाजी बिन राणोजी भोई, हाजिर है?" कुणी ओ दिली नाही. पंतांनी तिथल्या तिथे पकडहुकूम लिहिला, अन् पुढे सुभेदारांनी तो न वाचताच शिक्का उमटवला.

मग एक दिवस वरून दम आला. जुने पकडहुकूम दसऱ्याच्या आत निकालात काढा, नाहीतर सुभेदारी सोडा! झालं. सुभेदार स्वतः पालखीत बसून निघाले फरारी हुडकायला. गावोगाव गुणाजीची चौकशी झाली, अन् प्रत्येक गावाला त्यांना घेऊन गेला तो गुणाजीच. सुभेदार भोयांना नावाने हाक मारत नसत. 'पुढचा' अन् 'मागचा', एवढ्यावर त्यांचं भागत होतं. गुणाजीने बोलावं तर बेड्या, पळावं तर पालखी आपटायची. बिचारा मुकाट चालत होता.

"ऐकू येत नाही का गं?" पालखीतून आवाज आला. "दिवस मावळायच्या आत नवरा हजर कर. नाहीतर ही झोपडी पाडतो अन् होडी जप्त करतो!"

होडी गेली तर खायचं काय? पण ठकूबाई सावकाश उठली, पदर सावरला अन् हात जोडले.

"सरकार, खाली उतरा की. सावलीत बसा."

"या चिखलात? मी पाय नाही ठेवायचा!"

"बरं, राहिलं. एवढंच सांगा, धनी हजर झाले तर त्यांचं काय होईल?"

"धरून आणला तर गडावर दळण दळेल. पण आपल्या पायांनी माझ्यासमोर येऊन उभा राहिला, तर हुकूम रद्द!"

पंत मिशीत हसला. वेशीवेशीवर शिपाई बसवलेले होते. आपल्या पायांनी येणार कसा? वाटेतच धरला जायचा!

"शब्द देता, सरकार?"

"दिला! सगळ्यांदेखत दिला!"

"मग हुकूम रद्द करा. ते आलेत."

"आलाय? कुठाय? नाव घेऊन हाक मार त्याला!"

ठकूबाईने जीभ चावली. "अगंबाई! नवऱ्याचं नाव असं कसं घेऊ?"

"मग उखाण्यात घे! पण घे लवकर!"

ठकूबाईने घसा साफ केला, अन् म्हणाली,

"रेशमाची झालर, गादी मखमली,
सरकार पालखीत अन् गुणाजीराव पालखीखाली!"

मागच्या भोयाला हसू आवरेना. सुभेदार वाकून बघायला लागले. पंत किंचाळला, "धरा! धरा त्याला!" शिपायांनी गुणाजीला ओढला, तशी पालखी कलली, सुभेदारांची पगडी घसरून नाकावर आली, अन् ते दोन्ही हातांनी पालखीचा गोंडा धरून ओरडले, "सोडा! आधी त्याला सोडा, गाढवांनो! मी पडतोय!"

गुणाजीने पुन्हा खांदा दिला. पालखी सरळ झाली.

"सरकार," ठकूबाई शांतपणे म्हणाली, "तुम्ही म्हणालात समोर. पुढच्या दांड्याला असतात ते, रोज तुमच्या समोरच की! तुम्ही म्हणालात आपल्या पायांनी. ते आपल्याच पायांनी आले, अन् तुम्हीसुद्धा त्यांच्याच पायांनी आलात!"

"पण त्या सोमवारी हा गैरहजर होता!" पंत तट्टावर उसळला. "तीनदा पुकारा झाला!"

"पंत, पुकारा झाला तेव्हा सरकार गादीवर होते का हो?"

पंत तट्टाची आयाळ कुरवाळू लागला.

"कसे असतील? सरकार तेव्हा सासुरवाडीला आमरस खात होते. अन् तिथवर त्यांना नेलं कुणी? त्या सोमवारी धनी कचेरीत गेले असते, तर सरकारांचा आमरस राहिला असता!"

मग पालखी हलायला लागली. आधी हळू, मग गदगदा. सुभेदार हसत होते! पोट धरून, डोळे पुसत हसत होते.

"म्हणजे मी गावंच्या गावं पालथी घातली, अन् फरारी मला खांद्यावर घेऊन हिंडत होता? वा रे आमचा बंदोबस्त!" पगडी सावरत त्यांनी स्वतःच चोपदारासारखा सूर लावला, "गुणाजी बिन राणोजी भोई, हाजिर है?"

"हाजिर, सरकार!" दांड्याखालून आवाज आला.

सुभेदारांनी हातातलं चांदीचं कडं काढून ठकूबाईच्या ओच्यात टाकलं. मग पंतांकडून पकडहुकूम घेतला, अन् झोपडीच्या कुडाला बांधलेल्या शेळीपुढे फेकला. शेळीने तो वास घेऊन चवीने खाल्ला.

"सरकार!" पंत रडकुंडीला आला. "आता दप्तरात मी लिहू काय?"

"लिही," सुभेदार खो खो हसत म्हणाले, "हुकूम बजावला! शेळीवर!"