यमुनेचा एक दिवस

एकदा एक सधन व्यापारी आपल्या मुलीला घेऊन मुलींच्या तालमीत आले. बसवराज शेटे त्यांचे नाव. बाजारपेठेत त्यांचे भांड्यांचे मोठे दुकान होते. मुलगी अंबिका अठरा वर्षांची. कॉलेजच्या कुस्ती स्पर्धांत तिने नाव मिळवले होते आणि आता पुढची वर्षे कुस्तीलाच द्यायची, असा तिचा निश्चय झाला होता. शेट्यांचा निश्चय मात्र होत नव्हता.

तालमीचे हिंदुराव वस्ताद वृद्ध होते, मितभाषी होते. त्यांनी दोघांना बसायला सतरंजी घातली.

शेटे म्हणाले, "वस्ताद, मी दुकानदार माणूस. माल घेण्याआधी हात लावून बघतो. पोर तुमच्या हवाली करायची, तर तिच्या पदरात काय पडणार, तेवढं दाखवा."

"दाखवतो की," वस्ताद म्हणाले.

जवळच पूर्वा उभी होती. वस्तादांची ही लाडकी शिष्या नुकतीच राज्य अजिंक्यपद जिंकून आली होती. गावाने तिची उघड्या जीपमधून मिरवणूक काढली होती, आमदारांनी सत्कार केला होता. शेट्यांनी तिला ओळखले आणि मुलीला कोपराने हलकेच खुणावले. आता आपल्यालाच हाक येणार, म्हणून पूर्वा पुढे सरसावली.

वस्तादांनी हाक मारली, "यमुना!"

आतून यमुना आली. वय तिशीला टेकलेले, एक कान कुस्तीत मोडून घट्ट झालेला, गुडघ्याला पट्टा. ही तालमीतली सर्वांत जुनी मुलगी. गावोगावच्या मैदानांत ती कधी जिंके, कधी हरे. खेळाडूंसाठी राखीव असलेल्या नोकरीला जे पदक लागते, ते दोनदा तिच्या हातून थोडक्यात निसटले होते. दिवसा ती शर्ट शिवण्याच्या कारखान्यात कॉलर जोडायचे काम करी.

"आजचा दिवस यांना बरोबर घेऊन फिर," वस्ताद म्हणाले. "काही झाकू नको, काही फुगवून सांगू नको."

पूर्वा थक्क झाली. दुकानदाराला दाखवायला वस्तादांनी निवडून निवडून हीच निवडावी?

यमुना पाहुण्यांना तालमीच्या आवारातल्या आपल्या खोलीवर घेऊन गेली. सकाळचा व्यायाम आटोपला होता. तिने भिजवलेले बदाम पाट्यावर वाटले, दुधात कालवले आणि पाहुण्यांनाही थोडे थोडे दिले. स्वतःच्या पेल्यात उरलेले ती सावकाश प्यायली.

अंबिकेने विचारले, "ताई, एवढा खुराक पुरतो?"

"मैदान मारून बक्षीस आलं, त्या महिन्यात पुरतो. एरवी डाळ आणि शेंगदाण्यावर भागवायचं."

कारखान्यात मुकादमाच्या परवानगीने शेटे आणि अंबिका तिच्या मशीनशेजारी स्टुलांवर बसले. बोलता बोलता त्यांना कळत गेले, की मैदानाला गेले की त्या दिवसाची मजुरी बुडते. हरून परतले तर एसटीचे भाडेही अंगावर पडते. गुडघा दुखावला, तेव्हा डॉक्टरांनी मशीनचे पायडल दाबणेही बंद करायला सांगितले होते. ते काही तिला जमले नव्हते. यमुना हे सारे विचारले तेवढेच सांगत होती. तिच्या स्वरात तक्रार नव्हती आणि बढाईही नव्हती.

"घरचे काय म्हणतात?" शेट्यांनी विचारले.

यमुना हसली. "आई म्हणते, आता बास कर. आणि मैदानाला निघाले की भाकरी तीच बांधून पाठवते."

"मग बाई, तू हे कशाच्या आशेवर करतेस?"

यमुनेने दाताने दोरा तोडला.

"आशा आहेच. नाही कशी म्हणू? पण रोज पहाटे आशेवर उठणं होत नाही, शेटजी. मला लढायला आवडतं. मॅटवर उतरलं की समोर एकच बाई असते. मॅटच्या बाहेर आपल्यासमोर कोण कोण उभं आहे, ते कळतच नाही."

संध्याकाळी तालमीत सराव सुरू झाला. वस्तादांनी यमुना आणि पूर्वा यांची जोड लावली. पूर्वा तरुण होती, चपळ होती, आणि त्या दिवशी मनातून दुखावलेलीही होती. तिने यमुनेला उचलून आपटले. यमुना उठली, पट्टा सारखा केला, "पुन्हा," म्हणाली. पुन्हा आपटली गेली, पुन्हा उठली. असे चालले, ते पूर्वाचे हात जड होईपर्यंत. शेवटच्या झटापटीत पूर्वाची पाठ मॅटला लागली. यमुनेने हात देऊन तिला उभे केले आणि ती पाणी प्यायला गेली.

शेटे उठले. वस्तादांना नमस्कार केला आणि मुलीला घेऊन निघून गेले.

ते जाताच पूर्वा वस्तादांपुढे येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

"वस्ताद, तुम्ही मला का नाही दाखवलंत? ते माझं नाव ऐकून आले होते. आता कशाला ठेवतील मुलीला? आणि यमुनाताईला काय वाटलं असेल?"

"तिला मी आधीच विचारून ठेवलं होतं. कुणा पोरीचे आईबाप आले, की त्यांना तुझ्याबरोबर पाठवू का म्हणून. ती म्हणाली, पाठवा की, त्यात लपवायचं काय?" वस्तादांनी तिला शेजारी बसवले. "पोरी, तुझं यश खोटं नाही. पण ते इथल्या एखादीलाच मिळतं. बाकीच्यांच्या वाट्याला यमुनेचा दिवस येतो. तुझा सत्काराचा हार दाखवून मी पोरी जमवल्या, तर ती फसवणूक होईल. आणि हारासाठी आलेली पोर हार लांबला की घरी जाते. यमुनेचा दिवस बघूनही जिला यावंसं वाटेल, तिला कोण परत नेणार? मी शेटजींना तिची गरिबी दाखवली नाही. कुस्ती दाखवली. त्यांनी काय बघितलं, ते त्यांचं."

पूर्वाने डोळे पुसले.

आठवडा गेला, आणि एका सकाळी शेटे पुन्हा तालमीच्या दारात उभे राहिले. मागे अंबिका होती, तिच्या खांद्याला कपड्यांची बॅग होती.

"वस्ताद," शेटे म्हणाले, "हिचा खुराक माझ्याकडे. पदक कधी आणणार, असं मी विचारणार नाही. पोर विचारेल स्वतःला, तेवढं पुरे."

वस्तादांनी अंबिकेकडे पाहिले. "तुला काही विचारायचंय?"

"हो," अंबिका म्हणाली. "यमुनाताईंच्या खोलीत माझी वळकटी टाकली तर चालेल?"

वस्ताद हसले आणि त्यांनी खोलीकडे बोट दाखवले.

त्या दिवशी सरावाला जोड लागली, तेव्हा पूर्वाने हात मिळवण्याआधी खाली वाकून यमुनेच्या पायांना स्पर्श केला.

"काय गं, आज काय आहे?" यमुना गोंधळून म्हणाली.

"काही नाही, ताई," पूर्वा पवित्रा घेत म्हणाली. "धरा."