टिंबूला जोडी मिळेना

राहीने दही खाल्ले. चाटूनपुसून खाल्ले. वाटीच्या काठाला उरला एकटा टिंबू.

टिंबू म्हणजे दह्यातला जीव. डोळ्यांना दिसणार नाही, एवढा इवला. मघाशी वाटीत कितीतरी टिंबू होते. आता कुणी नाही. इकडे चुळबुळ, तिकडे चुळबुळ. टिंबूला बसवेना.

"मला जोडी हवी," टिंबू म्हणाला, आणि निघाला. टुबुक टुबुक.

गेला दुधाकडे.

"दूधबाई, दूधबाई, कुशीत घ्या ना. पोटभर खाईन, एकाचे दोन होईन."

"मी गार पडलेय. आधी चूल पेटू दे."

टुबुक टुबुक. गेला चुलीकडे.

"चूलबाई, चूलबाई, पेटा ना. दूध तापेना, टिंबूला जोडी मिळेना."

"माझा नुसता धूर होतोय. आधी फुंकणी फुंकू दे."

टुबुक टुबुक. गेला फुंकणीकडे.

"फुंकणीबाई, फुंकणीबाई, फुंका ना. चूल पेटेना, दूध तापेना, टिंबूला जोडी मिळेना."

"मी आपली पोकळ नळी. आधी आईला उठू दे."

टुबुक टुबुक. गेला राहीच्या आईकडे.

"आई, आई, ऊठ ना. फुंकणी फुंकेना, चूल पेटेना, दूध तापेना, टिंबूला जोडी मिळेना."

"उठू कशी? राहीबाई मांडीवर ठाण मांडून बसल्यात. आधी तिला उतरू दे."

टुबुक टुबुक. गेला राहीकडे.

"राही, राही, उतर ना. आई उठेना, फुंकणी फुंकेना, चूल पेटेना, दूध तापेना, टिंबूला जोडी मिळेना."

राही फुरंगटली. "दही संपलं. अजून दे. तोवर नाही उतरणार."

"अगं वेडाबाई, दही मीच तर लावतो. पण उतरलीस तर."

"घट्ट?"

"घट्ट."

राही उतरली. आई उठली. फुंकणी फुंकली, फू फू फू. चूल पेटली, भक्. दूध तापले, मग निवत ठेवले. आईने करंगळी बुडवून पाहिली. कोमट. दूध वाटीत ओतले.

टिंबूने मारली उडी. टुब्बुक.

खाल्ले, खाल्ले. फुगला. लांब झाला. कंबर बारीक झाली. आणखी बारीक. टप.

एकाचे झाले दोन.

"तू कोण?"

"टिंबू."

"मग मी कोण?"

"तूही टिंबू."

दोघांनी खाल्ले. टप टप. झाले चार. चौघांनी खाल्ले. टप टप टप टप. झाले आठ. पुढे मोजणार कोण?

सकाळी वाटी उपडी धरली, तरी दही पडेना.

या वेळी आई विसरली नाही. आधी एक चमचा दही विरजणाला बाजूला काढले. मग वाटी राहीला दिली.

आणि चमच्यात ही गर्दी.

"सरक रे."

"तूच सरक."

दही लागले घट्ट, सरला राहीचा हट्ट.