बारीक नांग्यांचा खेकडा

वाडीच्या खाली ओढा खडकात वळतो, तिथल्या खोल पाण्याला बुधाचा कोंड म्हणतात. या कोंडात पकडलेला खेकडा कुणी लगेच टोपलीत टाकत नाही. आधी नांग्या बघतात. एक जाड, एक लहान असेल तर ठेवतात. दोन्ही बारीक आणि सारख्या असतील तर परत सोडतात. पाहुण्यांनी कारण विचारलं की वाडीतले म्हातारे हैबतबाबा काठी बाजूला ठेवून सांगायला बसतात.

फार मागे इथे बुधा आणि चिंधू असे दोन भाऊ राहत, म्हणे. आईबाप नव्हते. धाकट्या चिंधूला बुधानेच वाढवलं, त्याचं लग्नही ठरवलं. एका मार्गशीर्षात चिंधूने मधासाठी हट्ट धरला, म्हणून बुधा कोंडावरच्या कड्याला चढला. दोर तुटला. बुधा पाण्यात पडला तो वर आलाच नाही.

वाडीने दोन दिवस बांबूने तळ ढवळला. काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत माणूस मिळाला नाही तर गवताचा पुतळा जाळायचा, अशी रीत होती. चिंधूला ते सोसवेना. गवत जाळून भाऊ कसा सुटणार?

त्या सकाळी काठावर कुणीतरी बोलून गेलं, "आता काय उरलं असेल. खेकडे थोडेच सोडतात."

चिंधू उठला तो रानात धावला. ओटीभर गेळफळं आणून दगडावर ठेचली आणि पाण्यात लोटली. त्या विषाने मासे उलटे होऊन वर आले, खेकडे काठाला लागले. चिंधू दगडाने त्यांना चेचत सुटला.

जन्मभर खेकडे धरून खाल्लेली जानीआजी तिथे आली. "थांब, आगलाव्या. मारतोस कुणाला ते तरी बघ."

तिने एक झिंगा उचलला. "ह्याच्या हातांना केसांचे झुपके. हा दगडावरचा गाळ झाडून खातो. ह्याने तुझं काय केलं?" मग जाड नांगीचा खेकडा दाखवला. "ही शंख फोडायला. हा आतली गोगलगाय खातो."

चिंधूच्या पायाशी तिसरा खेकडा होता. त्याच्या नांग्या बारीक, चिमट्यासारख्या.

"आणि हा?"

आजीने त्याच्या नांगीला बोट लावलं. "हा मऊ तोडतो. मेलेलं."

चिंधूने दगड उचलला.

"मार," आजी म्हणाली. "मग बुधा कुठे आहे ते कुणाला विचारशील?"

दगड हातातच राहिला, असं सांगतात. चिंधूने भोवती पाहिलं. तसल्या नांग्यांचे बाकी सगळे त्यानेच चेचले होते. हा एकच उरला होता, तोही गेळफळाने सुन्न. चिंधू त्याला ओंजळीत घेऊन वरच्या स्वच्छ धारेत बसला. सावली कड्याच्या निम्म्यावर आली तरी खेकडा हलेना. ज्याला मारायला निघाला होता त्याच्यावर तो फुंकर घालत होता. सावली पाण्याला टेकली तेव्हा कुठे एक पाय हलला.

चिंधूने धोतराचा दोरा काढून त्याच्या पायाला बांधला आणि त्याला कोंडात सोडलं. दोरा हळूहळू सरकत गेला. काठावर सगळे उभे होते, त्यांच्याच पायाखालच्या उथळ कपारीत शिरला. तिथे बांबू कुणी घातलाच नव्हता. चिंधू पालथा पडला, खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटांना केस लागले.

सूर्य मावळायच्या आत बुधा बाहेर आला. त्याचा एक कान नव्हता. चिंधूने त्या जागेवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग दुसऱ्या हाताने दोरा सोडवून खेकड्याला पाण्यात जाऊ दिलं आणि वाडीला सांगितलं, की असल्या नांग्या ज्याच्या, त्याला इथे कुणी मारायचं नाही.

आजही असा खेकडा सोडला की काठावरचं बोलणं थांबतं. तो जागच्या जागी घुटमळला तर बाया हसून कामाला लागतात. पण सरळ कपारीकडे निघाला, तर प्रत्येक आई आपल्या पोराला नावाने हाक मारते, आणि वर वाडीतून कुठूनतरी "ओ" येईपर्यंत पाण्यातून पाय काढत नाही.